फेणी (मद्य)

हा लेख गोव्यातील ऊर्ध्वपातित मद्याविषयी आहे. सुतरफेणी ही मिठाई आणि वाळवणातील तांदळाच्या फेण्या यांचा या मद्याशी नावापलीकडे संबंध नाही.

फेणी हे गोव्यात तयार होणारे ऊर्ध्वपातित मद्य होय. काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस किंवा माडाची आंबलेली सूर भट्टीवर तापवून, तिची वाफ थंड करून ते काढले जाते. काजूची फेणी आणि माडाची फेणी असे तिचे दोन मुख्य भेद आहेत. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. माडाच्या फेणीचा त्यात समावेश नाही. २०१६ साली गोवा राज्याने कायद्यात दुरुस्ती करून फेणीला ‘वारसा मद्य’ असा दर्जा दिला. तोवर कायद्याच्या दृष्टीने ती केवळ ‘देशी दारू’ होती. या एका शब्दाचा परिणाम तिचा बाजार, तिची किंमत आणि ती गाळणाऱ्यांचे जीवन यांवर कित्येक दशके होत राहिला.

नाव आणि परिभाषा

फेणी हा शब्द ‘फेण’ म्हणजे फेस या शब्दापासून आला असे मानले जाते. त्याचे मूळ संस्कृत ‘फेन’ या शब्दात आहे. चांगली फेणी बाटलीत हलवली किंवा उंचावरून ओतली की पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे कडे उमटते आणि काही क्षण टिकते. मद्यमापक हाती येण्यापूर्वी जाणकार याच बुडबुड्यांवरून मद्याची तीव्रता ओळखीत. बुडबुडे लवकर विरले तर मद्य सौम्य, टिकले तर कडक, असा ढोबळ नियम होता.

फेणीच्या पहिल्या धारेला ‘उर्राक’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘अरक’ या शब्दाशी संबंधित आहे. ‘अरक’ म्हणजे घाम. भांड्याच्या थंड पृष्ठभागावर वाफेचे थेंब जमतात ते घामासारखे दिसतात, म्हणून हे नाव. मराठीतील ‘अर्क’ हा शब्दही त्याच घराण्यातला. ओव्याचा अर्क म्हणताना आपण नकळत ऊर्ध्वपातनाचेच नाव घेत असतो. कोकणीत मद्याला सामान्यपणे ‘सोरो’ म्हणतात आणि माडाच्या रसाला ‘सूर’. महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर त्याच रसाला ‘माडी’ हा शब्द अधिक रूढ आहे.

विद्यार्थ्यांचा आणखी एका जोडीत नेहमी गोंधळ होतो. ‘लिकर’ हा शब्द कोणत्याही मद्यासाठी, विशेषतः कडक मद्यासाठी वापरतात. ‘लिक्युअर’ हा त्याहून वेगळा शब्द आहे. तयार ऊर्ध्वपातित मद्यात साखर आणि फळे, फुले, साली, मुळे किंवा मसाले यांचा स्वाद उतरवून जे गोड मद्य करतात ते लिक्युअर. युरोपीय संघाच्या नियमांनुसार लिक्युअरमध्ये सर्वसाधारणपणे लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर असावी लागते. फेणी स्वतः लिक्युअर नाही. तिच्यात साखर नसते.

ऊर्ध्वपातित मद्यांमध्ये फेणीचे स्थान

फळांचा रस किंवा धान्याचा काढा आंबवला की त्यातील साखरेचे किण्वामुळे अल्कोहोल बनते. द्राक्षांची वाइन, जवाची बिअर, माडाची ताडी ही सारी आंबवलेली पेये होत. अल्कोहोलचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की किण्व स्वतःच मरतो, म्हणून ही पेये फार कडक होऊ शकत नाहीत. त्यापुढे जायचे तर आग लागते. शुद्ध इथिल अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते आणि पाणी १०० अंशांना. त्यामुळे आंबवण तापवले असता वाफेत अल्कोहोलचे प्रमाण अधिक असते; ती वाफ थंड केली की मूळ आंबवणापेक्षा तीव्र द्रव मिळतो. जगातील सर्व कडक मद्ये याच तत्त्वावर उभी आहेत. फरक पडतो तो कच्च्या मालाने, भांड्याने आणि साठवणीने. द्राक्षांच्या वाइनपासून ब्रँडी होते, मोड आणलेल्या जवापासून माल्ट व्हिस्की, उसाच्या रसापासून किंवा मळीपासून रम, मेक्सिकोतील निळ्या अगेव्ह वनस्पतीच्या गाभ्यापासून टकिला, आणि श्रीलंकेत माडाच्या ताडीपासून अरॅक. जिनमध्ये जुनिपरच्या फळांचा स्वाद उतरवतात. व्होडकात उलट शक्य तितका स्वाद काढून टाकण्यावर भर असतो.

भांड्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक साधे पोटाचे भांडे, ज्यात एका वेळी एक घाण काढतात. दुसरा उंच स्तंभ, ज्यातून अखंड प्रवाहाने जवळजवळ ९६ टक्के शुद्धतेचे, गंधहीन अल्कोहोल मिळते. भांड्यातून अल्कोहोलबरोबर फळाचे सुगंधी घटकही उतरतात. स्तंभातून ते फारसे उतरत नाहीत. काजूची फेणी भांड्यातली आहे, द्राक्षांऐवजी काजूच्या बोंडांपासून केलेली. म्हणून तिला फळाची ब्रँडी म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरते. फ्रान्समधील कोन्याक हे मद्यही भांड्यात दोनदा गाळलेलेच असते. दोघांत मोठा भेद एवढा की कोन्याक ओकच्या पिंपात वर्षानुवर्षे मुरते, तर फेणी परंपरेने काचेच्या मोठ्या पोटाच्या बरणीत, म्हणजे ‘गराफांव’मध्ये, राहते आणि पाण्यासारखी स्वच्छ असते. काच मद्याला स्वतःचा रंग वा वास देत नाही. फेणीचा जो उग्र, अतिपक्व फळासारखा दर्प नवख्या माणसाला मागे सारतो, तो सर्वस्वी बोंडांचा आणि आंबवणाचा असतो.

इतिहास

काजू मूळचा भारतातला नाही, हे अजूनही पुष्कळांना आश्चर्याचे वाटते. हे झाड ईशान्य ब्राझीलमधील. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले. गोव्यात राहून औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ सालच्या पुस्तकात काजूचे वर्णन नाही. १५७८ साली प्रसिद्ध झालेल्या क्रिस्तोव्हांव द कॉस्ता याच्या ग्रंथात मात्र कोचीनमधील काजूचा उल्लेख आहे. एवढ्यावरून झाडाच्या प्रसाराचा काळ साधारणपणे कळतो. पोर्तुगिजांनी डोंगरउतारावरील मातीची धूप थांबवण्यासाठी काजू लावला असे अनेकदा लिहिले जाते. हेतू कोणताही असो, जांभ्या दगडाच्या, पाण्याला पारख्या असलेल्या उतारांवर हे झाड असे रुजले की आज काजूवाचून कोकणाची कल्पना करवत नाही.

माडाची फेणी ही काजूच्या फेणीपेक्षा जुनी असली पाहिजे. डच प्रवासी यान हाउखन व्हान लिन्स्खोतेन १५८० च्या दशकात गोव्यात होता. त्याच्या १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात माडाची सूर काढणे आणि ती गाळून मद्य करणे यांची माहिती आहे, आणि उर्राक या शब्दाचे तत्कालीन रूपही त्यात येते. म्हणजे गाळण्याची विद्या, भांडी आणि परिभाषा काजू रुळण्यापूर्वीच इथे होती. ब्राझीलचे फळ आले आणि ते माडाच्या भट्टीत शिरले. काजूपासून गाळायला नेमकी केव्हा आणि कोणी सुरुवात केली हे ठामपणे सांगणारे लेख मिळत नाहीत. ज्या कथा सांगितल्या जातात त्या कथाच समजाव्यात.

एकोणिसाव्या शतकात या धंद्यावर एक मोठा आघात झाला. १८७८ साली ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात झालेल्या तहामुळे गोव्यातील मीठ व अबकारी यांची व्यवस्था ब्रिटिश हिंदुस्थानाच्या पद्धतीला जोडली गेली. माड छेदण्यावर आणि गाळण्यावर नव्या रीतीचे कर व निर्बंध आले. हा तह १८९२ साली संपुष्टात आला, पण परवाना, कर आणि लिलाव यांची चौकट त्यानंतरही या धंद्याभोवती राहिली.

बोंडू

आपण ज्याला काजूचे फळ म्हणतो ते वनस्पतिशास्त्रानुसार फळ नव्हे. खरे फळ म्हणजे खाली लोंबणारी मूत्रपिंडाच्या आकाराची बी, आणि वरचा लाल वा पिवळा मांसल भाग म्हणजे फुगलेला देठ. त्यालाच मराठीत बोंड किंवा बोंडू म्हणतात. बोंडू रसाळ असतो, त्यात क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असते, पण टॅनिनमुळे तो घशाला खवखवतो. शिवाय तो अतिशय नाशवंत आहे. झाडावरून पडलेला पक्व बोंडू दिवसभरात मऊ पडून आंबू लागतो. तो पेटीत भरून दूरच्या बाजारात पाठवता येत नाही.

फेणीच्या भूगोलाचे उत्तर या नाशवंतपणात आहे. बी वाळवून वर्षभर ठेवता येते आणि जगभर विकता येते. बोंडू जिथे पडला तिथेच, त्याच दिवशी, वापरावा लागतो. म्हणून भट्टी काजूच्या डोंगरापाशीच उभी राहते आणि हंगामापुरतीच धगधगते. बीच्या वजनाच्या अनेक पट भरणाऱ्या या बोंडांचे करायचे काय, या प्रश्नाला गोव्याने दिलेले उत्तर म्हणजे फेणी.

निर्मिती

हंगाम साधारणतः फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होतो आणि पावसाच्या पहिल्या सरींबरोबर संपतो. परंपरेचा पहिला नियम असा की बोंडे तोडायची नाहीत, पडलेली वेचायची. झाडावरचा बोंडू पुरता पिकलेला नसतो; त्यात साखर कमी आणि तुरटपणा जास्त असतो. पहाटे किंवा सकाळी बोंडे गोळा करून बी पिळून वेगळी काढतात. बीच्या कवचातील तेल त्वचा भाजणारे असते, म्हणून रसात बी किंवा कवचाचा तुकडा राहू न देण्याची काळजी घेतात.

वेगळी केलेली बोंडे जांभ्याच्या खडकात कोरलेल्या उथळ कुंडात टाकून पायांनी तुडवतात. या कुंडाला कोळमी किंवा कोळंबी म्हणतात. मराठी वाचकाने तिचा संबंध माशाशी लावू नये. तुडवल्याने निघालेला रस कुंडाच्या उताराने वाहून भांड्यात पडतो. उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून, वेलीने आवळून त्यावर जड दगड ठेवतात. त्यातून थेंबथेंब पाझरणारा नितळ रस म्हणजे ‘नीरो’. तो ताजा असताना पेय म्हणून पितात. हंगामात गोव्याच्या खेड्यात पाहुण्याला थंड नीरो मिळाला तर त्याने तो नाकारू नये. त्यात अल्कोहोल नसते, पण दुपारपर्यंत ठेवला तर मात्र असे म्हणवत नाही. आता बऱ्याच ठिकाणी पायांची जागा यंत्राने आणि दगडाची जागा स्क्रूच्या दाबयंत्राने घेतली आहे.

तुडवून काढलेला रस मातीच्या मोठ्या मडक्यांत ओततात. या मडक्याला ‘कोडें’ म्हणतात आणि ते गळ्यापर्यंत किंवा अर्धे जमिनीत पुरलेले असते, जेणेकरून मार्च-एप्रिलच्या उन्हात रस फार तापू नये. वरून किण्व घालत नाहीत. बोंडाच्या सालीवर आणि मडक्याच्या भिंतींवर असलेला रानकिण्वच काम करतो. दोन-तीन दिवस रस खळखळत राहतो, मग फेस बसतो. हा क्षण ओळखणे हे गाळणाऱ्याचे खरे कसब. लवकर घेतले तर साखर फुकट जाते. उशीर झाला तर अल्कोहोलचा सिरका होऊ लागतो आणि आंबट वास थेट धारेत उतरतो.

आंबवण भाणात भरतात. भाण पूर्वी मातीचे असे, नंतर तांब्याचे आले. तांबे केवळ टिकाऊ म्हणून निवडलेले नाही. आंबवणातील दुर्गंधी गंधकयुक्त द्रव्ये ते बऱ्याच अंशी धरून ठेवते. भाणाचे तोंड बंद करून सांधे वारुळाच्या चिकण मातीने लिंपतात, म्हणजे वाफ फटीतून निसटत नाही. वाफ नळीने ‘लावणी’ नावाच्या दुसऱ्या भांड्यात जाते. जुन्या पद्धतीत लावणीवर सतत थंड पाणी ओतावे लागे, आणि हे काम रात्रभर चाले. अलीकडे पाण्याच्या टाकीत बुडवलेल्या नागमोडी नळीतून वाफ नेतात. आच लाकडांची आणि मंद ठेवावी लागते. ती भडकली तर आंबवण उसळून नळीत शिरते आणि धारेला करपट वास येतो. फेणी बिघडण्याचे ते नेहमीचे कारण.

पहिल्या गाळणीतून उतरतो तो उर्राक. त्यात साधारण १५ टक्के अल्कोहोल असते. हा उर्राक आंबवलेल्या ताज्या रसात मिसळून पुन्हा भाणात घालतात. दुसऱ्या गाळणीतून जे मिळते ते ‘काझुलो’ किंवा आजच्या व्यवहारातली फेणी. पूर्वी तिसरी गाळणी करून अधिक तीव्र मद्य काढीत आणि फेणी हे नाव त्यालाच देत, असे जुने गाळणारे सांगतात. आता तिसरी गाळणी क्वचितच होते. तीव्रता मोजण्यासाठी ‘ग्राव’ हे पोर्तुगीज काळातील माप अजून भट्टीवर चालते. बाजारातील बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के हा आकडा दिसतो. तो एवढा विचित्र का, याचे उत्तर ब्रिटिश ‘प्रूफ’ पद्धतीत आहे. त्या पद्धतीतील ७५ अंशांचे शेकडा रूपांतर ४२.८ होते, आणि भारतातील बहुतेक कडक मद्ये याच तीव्रतेने विकली जातात.

माडाच्या फेणीची सुरुवात झाडाच्या शेंड्यावर होते. सूर काढणाऱ्याला गोव्यात ‘रेंदेर’ म्हणतात. तो न उमललेला पोगा बांधून, ठोकून, त्याचे टोक ‘काती’ नावाच्या वाकड्या सुरीने दररोज थोडे थोडे छेदतो आणि पाझरणारा रस खाली बांधलेल्या मडक्यात जमा होतो. दिवसातून अनेकदा माड चढावा लागतो, पावसातही. सूर उतरतानाच आंबू लागते, त्यामुळे वेगळे आंबवण्याची वाट फारशी पाहावी लागत नाही. हीच सूर गोव्याच्या घरांत सिरका करण्यासाठी आणि सान्ना फुगवण्यासाठीही लागते. रेंदेराचा मुलगा आज माडावर चढायला तयार नाही. मजुरी आणि जोखीम पाहता त्याला दोष देणे अवघड आहे, पण माडाची फेणी दुर्मिळ होत चालली आहे ती मुख्यतः याच कारणाने. तिचे गाळप वर्षभर चालू शकते आणि ते विशेषकरून दक्षिण गोव्यात टिकून आहे. वासाने ती काजूच्या फेणीपेक्षा बरीच सौम्य असते.

स्वादयुक्त प्रकार

फेणीत अनंतमुळाची (उपळसरीची) सुगंधी मुळे मुरवून ‘दुखशिरी’ किंवा ‘दुदशिरी’ करतात. मूळ घातल्याने मद्याला तपकिरी छटा आणि मातकट गोड सुवास येतो. जिरे, आले किंवा अन्य मसाले घालूनही फेणी करतात. काही गाळणारे हे पदार्थ तयार मद्यात मुरवतात, काही दुसऱ्या गाळणीच्या वेळीच भाणात टाकतात. दुसऱ्या रीतीत जिनशी असलेले साम्य स्पष्ट दिसते. अलीकडे काही उत्पादक फेणीत साखर व फळांचा अर्क घालून लिक्युअरही विकतात. युरोपात मठांतील साधूंनी वनस्पतींच्या मुरवणीतून लिक्युअरची परंपरा घडवली आणि तिला राजमान्यता मिळाली. दुखशिरी घरगुती राहिली.

उर्राक हा स्वतंत्र प्रकार मानावा. तो कमी तीव्रतेचा असल्याने टिकत नाही, म्हणून हंगामातच, मार्च ते मे या काळात, लिंबू, मीठ, हिरवी मिरची आणि सोडा घालून पितात. जून उजाडला की उर्राक संपतो; तेवढ्यासाठी गोव्यात येणारे लोक आहेत.

‘देशी दारू’ हे वर्गीकरण

भारतात मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे आणि अबकारी कायद्यांत मद्यांची ‘देशी’ व ‘भारतीय बनावटीची विदेशी’ अशी ढोबळ विभागणी चालत आली. ही विभागणी चवीची किंवा गुणवत्तेची नाही, कराची आणि परवान्याची आहे. तिचा परिणाम मात्र विलक्षण झाला. साखर कारखान्यांच्या मळीपासून स्तंभात काढलेल्या गंधहीन अल्कोहोलात रंग व स्वाद मिसळून केलेली स्वस्त व्हिस्की ‘विदेशी’ ठरली आणि देशभर विकली गेली. एका फळापासून, एका प्रदेशात, काही न मिसळता दोनदा गाळलेली फेणी ‘देशी’ ठरली. देशी दारूची विक्री सर्वसाधारणपणे त्या त्या राज्यापुरती बांधलेली असल्याने फेणीला गोव्याबाहेर कायदेशीर बाजार जवळजवळ मिळालाच नाही. बाहेर जाऊ न शकणाऱ्या वस्तूची किंमत वाढत नाही, आणि किंमत वाढत नाही म्हणून चांगली बाटली, चांगली भट्टी, चांगला साठा यांत कोणी पैसा घालत नाही. पर्यटक स्वस्त बाटली घेऊन जात राहिला आणि फेणी म्हणजे उग्र वासाची हलकी दारू, हे मत पक्के झाले.

इतर देशांनी याच टप्प्यावर वेगळा मार्ग धरला होता. फ्रान्सने कोन्याकचा प्रदेश १९०९ साली आखून दिला. मेक्सिकोने १९७४ साली टकिला हे नाव विशिष्ट प्रदेशापुरते राखून ठेवले. तेही एके काळी खेड्यातल्या भट्टीतले पेय होते. गोव्यात उत्पादक व बाटलीबंद करणाऱ्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. गोव्याचे ते पहिले मानांकन. २०१६ साली गोवा, दमण व दीव अबकारी शुल्क कायदा, १९६४ यात दुरुस्ती होऊन फेणी देशी दारूच्या व्याख्येतून बाहेर आली. त्यानंतर २०२१ साली राज्याने स्वतंत्र फेणी धोरण जाहीर केले. एका राज्याच्या कायद्यातील नवा दर्जा दुसऱ्या राज्याला आपोआप बंधनकारक होत नाही. प्रत्येक राज्याच्या अबकारी खात्यात फेणीला पुन्हा स्वतंत्रपणे आपली ओळख पटवावी लागते.

भट्टी आणि गाळणारा

काजूच्या बागांतील गाळपाचे हक्क गोव्यात दरवर्षी लिलावाने दिले जातात. या लिलावाला ‘पावणी’ म्हणतात. ज्याची बोली चढते तो त्या विभागातील बोंडांचा आणि भट्टीचा हक्कदार. हक्क एका हंगामाचा असल्याने लिलावातील रक्कम, मजुरी आणि लाकूड यांचा खर्च तीन महिन्यांत वसूल करावा लागतो. हवामान लहरी ठरले, मोहोर करपला किंवा अवकाळी पाऊस आला, तर तोटा गाळणाऱ्याचा. साठवून ठेवण्याची ऐपत नसलेला लहान गाळणारा हंगामातच, मिळेल त्या भावाने, फेणी व्यापाऱ्याला देतो. मुरण्याने वाढणारे मोल त्याच्या पदरात पडत नाही. डोंगर विकले जाऊन तिथे घरबांधणी होते, तेव्हा झाडांबरोबर भट्टीही जाते.

भेसळ आणि विषारी दारू

फेणीत सर्वाधिक होणारी लबाडी म्हणजे तिच्यात स्वस्त औद्योगिक अल्कोहोल मिसळून ती वाढवणे. त्याने चव बिघडते आणि प्रामाणिक गाळणारा भावात मार खातो. यापेक्षा भयंकर गोष्ट म्हणजे मिथेनॉल. फळांतील पेक्टिनमुळे प्रत्येक फळमद्यात मिथेनॉलचा अंश असतो. नीट केलेल्या आंबवणात तो सामान्यतः घातक प्रमाणात नसतो. भारतातील विषारी दारूच्या मोठ्या दुर्घटना बहुतेक वेळा औद्योगिक मिथेनॉल दारू म्हणून विकल्याने घडल्या आहेत. २०१५ साली मुंबईच्या मालवणी भागात अशा दारूने शंभरावर माणसे मेली. मिथेनॉलपासून शरीरात फॉर्मिक आम्ल तयार होते, ते दृष्टिचेतेवर आघात करते, म्हणून वाचलेल्यांपैकी अनेकांना अंधत्व येते. दृष्टी धूसर होणे हे लक्षण दिसताच रुग्णालय गाठावे. घरगुती उपायांत गेलेला वेळ प्राणावर बेततो. ‘गावठी’ या एकाच शब्दात परवान्याची फेणी आणि मिथेनॉलचे विष दोन्ही कोंबले जातात, हे भाषेच्याही दृष्टीने वाईट आहे.

शुद्ध फेणीही मद्यच आहे आणि मद्याचे सर्व दुष्परिणाम तिला लागू आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्यपेयांचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोगकारक अशा गटात केला आहे. पडशावर, संधिवातावर किंवा पोटदुखीवर फेणी गुणकारी असल्याची समजूत गोव्यात व कोकणात घरोघरी आढळते. सर्दीत छातीला फेणी चोळल्याने ऊब वाटते हे खरे, पण तिला औषध मानण्यास वैद्यकीय आधार नाही. महाराष्ट्रात कडक मद्याच्या खरेदीसाठी किमान वय २५ वर्षे आहे.

सिंधुदुर्ग आणि महाराष्ट्र

काजूचा डोंगर राज्याची सीमा पाहत नाही. दोडामार्ग, सावंतवाडी आणि वेंगुर्ले या तालुक्यांत गोव्यासारखाच काजू पिकतो. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जाती कोकणभर लावल्या जातात. परंतु १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात बोंडे गाळणे हा दीर्घकाळ गुन्हाच राहिला. परिणामी सीमेच्या एका बाजूला बोंडूला भाव मिळे आणि दुसऱ्या बाजूला बी काढून तो झाडाखाली कुजत पडे, किंवा टेम्पोत भरून गोव्याच्या भट्टीवर जाई. सरबत, सिरप आणि सुकवलेली बोंडे असे पर्याय पुढे आले, पण त्यांत खपणारा माल एकूण पिकाच्या मानाने थोडा.

२०२२ साली महाराष्ट्र मंत्रिमंडळाने काजूबोंडे, मोहफुले आणि अन्य फळे-फुले यांपासून बनवलेल्या मद्याला ‘देशी’ऐवजी ‘विदेशी मद्य’ या वर्गात घेण्याचा निर्णय केला. हेतू या मद्यांना बाजारात बरी जागा मिळावी हा होता. कोकणातल्या काजूचे किंवा गडचिरोलीतल्या मोहाचे मद्य ‘विदेशी’ म्हटले जावे, यातील विसंगती भाषेच्या अभ्यासकाला खटकल्यावाचून राहत नाही. पण उत्पादकाच्या दृष्टीने तो शब्द फायद्याचा आहे. या निर्णयाखाली सिंधुदुर्गात काजूचे मद्य निघाले तरी त्याला ‘फेणी’ हे नाव लावता येणार नाही. मानांकनाप्रमाणे काजूची फेणी गोव्यातलीच असावी लागते. सीमेच्या अलीकडे, त्याच जातीच्या झाडाखालून वेचलेल्या बोंडांच्या मद्यासाठी महाराष्ट्राला वेगळे नाव शोधावे लागेल.